वर्दीवरून परतल्यावर

प्रश्न : मी नगरपरिषदेत फायरमन आहे (जि. वर्धा). चार महिन्यांपूर्वी पंचवीस किलोमीटरवरच्या एका गावात घराला आग लागली. तालुक्याला बंब एकच. आम्ही पोचेपर्यंत आतली आजी गेली होती, मीच तिला बाहेर आणलं. आता घरी भाजी करपली तरी मी अंगणात जाऊन उभा राहतो. रात्री दचकून जाग येते. जिनिंगच्या आगीला अजूनही बिनधास्त जातो, पण घराला आग लागल्याची वर्दी आली की हात थरथरतात. मी या कामाचा राहिलो नाही का?

उत्तर : राहिलात, दादा. जिनिंगमधल्या कापसाच्या आगीला तुम्ही बिनधास्त जाता, म्हणजे धाडस शाबूत आहे. अडकलं आहे ते त्या एका घरात. मेंदूत वास आणि आठवण यांचं नातं फार जवळचं असतं, म्हणून करपल्याचा वास तुम्हाला थेट तिथं नेतो. पहिले काही आठवडे असं पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटूनही दचकणं, स्वप्नं, टाळाटाळ चालू राहिली तर मात्र पीटीएसडी (आघातानंतर मनात रेंगाळणारा आजार) आहे का, हे तपासावं लागतं. तुम्हाला चार महिने झालेत, आणखी थांबू नका. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. मनावरच्या आघातासाठी सीबीटी हा बोलण्यातून करायचा उपचार असतो. त्यात त्या प्रसंगाकडे सुरक्षित जागी बसून, थोडंथोडं करून पुन्हा जायला शिकवतात. त्याचा चांगला गुण येतो. मेडिकलमधून परस्पर झोपेच्या गोळ्या घेऊ नका. त्यांनी हा आजार बरा होत नाही, उलट सवय लागते.

आणि उशीर तुम्ही केला नाही. पंचवीस किलोमीटरचं अंतर आणि एकच बंब, याचा हिशेब तुमच्या छातीवर कशाला?

प्रश्न : माझे मालक हंगामी वनमजूर आहेत (जि. गोंदिया). मागच्या उन्हाळ्यात सोबतचा माणूस वणव्यात भाजला. मोहाची फुलं पडायला लागल्यापासून हे रोज दारू पितात, बोलत नाहीत.

उत्तर : ताई, मोह वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात आणि तिथूनच कितीदा वणवा पसरतो. तोच हंगाम, तोच धूर परत आल्यावर जखम उघडी पडते. एप्रिल २०२१ मध्ये नागझिरा अभयारण्यातल्या वणव्यात तीन वनमजूर गेले. ही भीती मनाची कमजोरी नाही, ती जंगलात पाहिलेली आहे. दारूनं डोळा लागतो, पण झोप मोडते आणि स्वप्नं वाढतात. मात्र रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. खोदून विचारू नका, सोबत बसा. एक प्रश्न मात्र सरळ विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या. टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी मदतवाहिनी, १४४१६ : चोवीस तास, मोफत, मराठीतून.

प्रश्न : मी अग्निशमन केंद्राचा प्रमुख आहे. मोठ्या घटनेनंतर सगळ्यांना त्याच रात्री एकत्र बसवून बोलतं करावं का?

उत्तर : सक्तीनं नको. अशा एकाच बैठकीनं पीटीएसडी टळत नाही, काहींचा त्रास तर वाढतो, हे अभ्यासांतून दिसलं आहे. त्या रात्री आंघोळ, गरम जेवण, घरी एक फोन आणि जमलं तर पुढची पाळी बदलून द्या. कुठं काय चुकलं, ही चर्चा दुसऱ्या दिवसावर टाका. ज्याला बोलायचं आहे त्याच्याजवळ त्याचाच जुना जोडीदार असू द्या. मग आठवड्यानं आणि महिन्यानं प्रत्येकाला वेगळं गाठून दोनच गोष्टी विचारा: झोप कशी आहे, घरी चिडचिड होते का. भंडाऱ्याच्या रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला आगीत दहा नवजात बाळं गेली. अशा वर्दीनंतर ज्याच्या घरी तान्हं मूल आहे त्याच्याकडे आधी जा. कंत्राटी पोरांना वगळू नका. त्यांना अनेकदा हक्काची रजा मिळत नाही, म्हणून ती गप्प राहतात. माणूस खंबीर राहतो तो अशा केंद्रात, जिथं ‘आज मला जमणार नाही’ म्हटल्यावर कोणी हसत नाही. ते वातावरण तुमच्याच हातात आहे.

प्रश्न : मानसोपचार घेतल्याचं ऑफिसात कळलं तर?

उत्तर : मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. निर्धास्त जा.