पावसाळा संपल्यावरही जुन्या घरातील कपाटाला कुबट वास का येतो?

वडोदऱ्यात दांडिया बाजारातील आपल्या जुन्या घरात कपडे उन्हात वाळवूनही कपाटाचा कुबट वास जात नाही, असे आपण विचारले आहे. हा वास बहुधा कपड्यांचा नसून कपाटामागच्या भिंतीवरील बुरशीचा आहे; म्हणून आधी कपाट ओढून त्याची मागची फळी आणि भिंत तपासावी. भिंतीला टेकलेल्या कपाटामागे हवा खेळत नाही आणि तेथे मुरलेली ओल बुरशीला पुरेशी होते, हे जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात मला वारंवार दिसते. ओल कोठून येते हे ठरवण्यासाठी भिंत कोरडी पुसून तिच्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावावा आणि २४ ते ४८ तास ठेवावा. थेंब फॉइलच्या मागे, भिंतीच्या बाजूस आले, तर पाणी भिंतीतून येत आहे, तेव्हा मोरीची पाइपलाइन किंवा गच्चीची गळती आधी बंद करावी. पुढच्या बाजूस आले, तर खोलीतील हवाच दमट आहे, तेव्हा कपाट चार बोटे पुढे ठेवून खिडक्या उघडाव्यात. दोन्ही स्थितींत मास्क लावून बुरशी साबणाच्या पाण्याने पुसावी आणि जागा पूर्ण वाळू द्यावी; डांबराच्या गोळ्या वास केवळ झाकतात. मात्र जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत पांढरा लोणा (भिंतीवर फुटणारे क्षार) दिसत असेल, तर ती बहुधा जमिनीतून चढणारी ओल असते. त्यावर ऑइल पेंट मुळीच लावू नये, कारण ओल आत कोंडते आणि गिलावा फुगून सुटतो.