क्लच हवा की नको? तीनचाकी मोटरसायकलचे प्रश्न

गेल्या खेपेला कॅन-ॲम स्पायडरचा ओझरता उल्लेख केला होता, पुढे दोन चाकं मागे एक आणि वळणावर अजिबात न झुकणारी ती मोटरसायकल, तर आपल्याकडच्या घराघरातलं कोणी ना कोणी परदेशात असल्यामुळे प्रश्न भरपूर आले. त्यातले चार घेतो.

भाऊ टोरांटोला आहे, सेकंड हँड स्पायडर बघतोय. मॅन्युअल स्वस्तात मिळतेय, सेमी-ऑटोमॅटिकला जास्त मागतात. काय सांगू त्याला? (फोंडा)

आधी विचारा, रोजचा रस्ता कसला आहे. ऑफिसला जाता-येता सिग्नलवर तासभर जाणार असेल तर जास्तीचे पैसे देऊ दे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात क्लच दाबून दाबून हात भरून आलेल्याला हे वेगळं सांगायला नको. रविवारी मोकळ्या रस्त्यावर फिरवायचीय आणि गिअर टाकायची मजा हवीय, तर मॅन्युअल घे म्हणावं, त्यात बिघडण्यासारखं पण कमी.

पण "सेमी" शब्द नीट समजून घ्या. क्लचचा लिव्हर नाही एवढंच. गिअर वाढवायचा तुम्हीच, डाव्या अंगठ्याने बटण पुढे ढकलून, आणि कमी करायला तेच तर्जनीने मागे ओढायचं. विसरलात तर आरपीएम (इंजिनाचे फेरे) पडल्यावर गाडी आपणहून खाली येते, पण वर कधीच जात नाही. इंजिन केकाटत राहील आणि तुम्ही म्हणाल ऑटोमॅटिक आहे ना! ज्यांनी हिरो होंडा स्ट्रीट चालवलीय त्यांना बिनक्लचचे गिअर म्हणजे काय ते लगेच कळेल, फरक इतकाच की तिथे पायाने होतं ते इथे बोटाने. जुनी, 990 इंजिनवाली असेल तर पाच गिअर, 1330ची तीन सिलिंडरवाली असेल तर सहा. सेमी-ऑटोमॅटिकला गिअरच्या हायड्रॉलिकचा वेगळा ऑइल फिल्टर असतो, तो बदलल्याचं बिल मागून घे म्हणावं. एकच फिल्टर बदलून सर्व्हिस झाली म्हणणारे सगळीकडे आहेत.

डावा गुडघा दुखतो, गिअर टाकताना कळ येते. सेमी-ऑटोमॅटिकने सुटेन का? (डिचोली)

डावा असेल तर हो, चालवताना त्या पायाला कामच राहत नाही आणि सिग्नलवर पाय टेकायचाही नाही. उजवा असता तर मात्र मी नको म्हटलं असतं, कारण स्पायडरला हाताचा ब्रेक नाही, उजव्या पायाच्या एका पेडलवर तिन्ही चाकं थांबतात. आपली बोटं इतक्या वर्षांची लिव्हर शोधायला सवकलेली, ती हवेत चाचपत राहतात. पहिल्या दिवशी मोकळ्या मैदानात फक्त थांबायची प्रॅक्टिस करा.

चुलत्याकडे पोर्तुगालला जातोय, त्यांची सेमी-ऑटोमॅटिक चालवणार. चढ-उताराचं काही खास? (चोडण)

तुम्ही फेरीबोटीने ये-जा करणारे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फेरीच्या रॅम्पवर बाइक उभी करताना आपण इंजिन बंद करून पहिल्या गिअरमध्ये टाकतो आणि ती जागची हलत नाही. स्पायडरला ते चालणार नाही. सेमी-ऑटोमॅटिकचा क्लच सेंट्रिफ्युगल, इंजिन फिरलं तरच पकडणार, बंद केलं की सुटला, म्हणजे गिअर पडलेला असूनही गाडी उतारावरून आरामात खाली जाईल आणि ही काही चार माणसांनी धरून ठेवण्यासारखी वजनाची वस्तू नव्हे. पार्किंग ब्रेक लावल्याशिवाय उतरायचं नाही. दुसरं, चढावर ट्रॅफिकमध्ये थांबलात तर थोडा थोडा थ्रॉटल देऊन गाडी तोलून धरू नका, क्लच जळतो. पायाचा ब्रेक दाबून ठेवा, निघताना थ्रॉटल द्या, गाडीने ओढ घेतली की पाय सोडा. दोन-तीनदा दचकाल, मग जमतं. रिव्हर्स गिअर दोन्ही प्रकारांत आहे, मागे ढकलत बसावं लागणार नाही.

गिअरच नको, काइनेटिक होंडासारखं नुसतं पिळा आणि चला असं काही नाही का? (पेडणे)

आहे की! त्याच कंपनीची रायकर, 2019 मॉडेलपासून, 600 आणि 900 सीसीमध्ये. सीव्हीटी आहे, म्हणजे गिअर टाकायचे नाहीत, पट्टा आपोआप जुळवून घेतो, तुमच्या काइनेटिकचीच जात. रिव्हर्ससाठी पायाशी लिव्हर असतो. ब्रेक मात्र इथेही पायानेच, हाताने शोधू नका.