हात चित्रकलेत चांगला नसलेल्या शिक्षकाला वर्गात चित्रांतून शिकवता येईल का?

तुम्ही सातवी-आठवीला विज्ञान-भूगोल शिकवता, प्रशिक्षणात ‘चित्रांतून शिकवा’ असं सांगितलंय, पण फळ्यावर साधी बादलीसुद्धा धड येत नाही म्हणून अडलंय, असा तुमचा प्रश्न. येईल की! चित्रं मुलांनी काढायची, तुम्ही ती वाचायची. तुमचा हात कसा आहे याचा त्यात फारसा संबंध नाही.

सुरुवात सायकलीपासून करा. समोर सायकल न ठेवता, आठवून काढायला सांगा. पेनाने, खोडरबर दप्तरात. रोज सायकलवर येणारी मुलंसुद्धा चेन पुढच्या चाकावर नेतात, नाहीतर दोन्ही चाकांच्या मध्ये सरळ दांडा टाकतात. असा दांडा असला तर हँडल वळणार कसं? मुलांना हसू नका. लिव्हरपूल विद्यापीठातल्या रिबेका लॉसन यांनी मोठ्या माणसांना सायकल काढायला लावली होती (२००६ साली ते प्रसिद्ध झालं), त्यांच्याही चुका याच जातीच्या होत्या. ‘सायकल कशी चालते?’ असं तोंडी विचारलं की ‘पायडल मारल्यावर’ म्हणून सगळे मोकळे होतात. कागदावर चेन कुठून कुठे जाते ते ठरवावंच लागतं.

मग वर्ग सायकल स्टँडवर न्या. एकाने मागचं चाक उचलून धरायचं, दुसऱ्याने हाताने पायडल फिरवायचं, बाकीच्यांनी बघून पहिल्या चित्राशेजारी दुसरं काढायचं. पहिलं खोडू देऊ नका, फरक तिथेच दिसतो. दोन्ही दातेरी चक्रांचे दाते मोजायला लावा. पुढे ४४ आणि मागे १८ निघाले, तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक अडीचच्या आसपास फेऱ्या मारतं. गणिताच्या बाईंना बोलवा, गुणोत्तराचा तास तिथेच होऊन जाईल.

भूगोलात समोच्च रेषांसाठी (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) अर्धा बटाटा पुरतो. कापलेली बाजू खाली ठेवून, सारख्या जाडीच्या आडव्या चकत्या करून प्रत्येकीची कड एकात एक गिरवायची. ज्या बाजूला बटाट्याचा उतार खडा, तिकडे रेषा दाटतात. त्यानंतर एखाद्या गडाचा नकाशा हातात द्या आणि वर चढायला सोपी बाजू कोणती ते विचारा.

परीक्षेत ‘सुबक व नामनिर्देशित आकृती काढा’ असं असतं, त्यामुळे मुलं हृदयाची आकृती पाठ करून हुबेहूब उतरवतात. माझं मत विचाराल तर ते हस्ताक्षर झालं, विज्ञान नव्हे. त्याच आकृतीवर रक्ताच्या वाटेचे बाण काढायला सांगा. उजव्या निलयातून (हृदयाच्या खालच्या उजव्या कप्प्यातून) बाण थेट हातापायांकडे गेला, की फुप्फुसांचा फेरा त्या मुलाला कळलेला नाही हे तुम्हाला एका नजरेत दिसतं. तोंडी परीक्षेत हे निसटलं असतं.

व्याख्या, सनावळ्या यांसाठी मात्र हा खटाटोप करू नका, वेळ जातो.

आणि एक पथ्य पाळा: सुंदर चित्राला शाबासकी देऊ नका. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा दिलेल्या दोघा-तिघांचे कागद भिंतीवर लागले की बाकीचे हात आखडतात. साठ मुलांच्या वर्गात सगळ्या वह्या बघणं होत नाही, तेव्हा बाकावरच्या दोघांनी वह्या बदलायच्या आणि शेजाऱ्याच्या चित्राला एकच प्रश्न लिहायचा. तुम्ही फक्त ते प्रश्न वाचत फिरा.