तुमचे प्रश्न: यादीत १४०, मतं ३१, मग टक्के किती?

प्रश्न: ताई, आम्ही गोव्यातली काही मंडळी फावल्या वेळात एका मुक्त सॉफ्टवेअरचं मराठीकरण करतो, पैसे वगैरे काही नाही, सगळं हौसेनं. यंदा पहिल्यांदाच समन्वयक निवडायला रीतसर मतदान घेतलं. यादीत १४० नावं, मतं पडली ३१, त्यातली २४ एकाच ताईंना. आता काहीजण म्हणतायत बावीसच टक्के मतदान, ही निवडणूक धरायचीच नाही. बाकीचे म्हणतात खरं काम करणारे चाळीसच आहेत, म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्के झालं. कुणाचं खरं? आणि पुढच्या वेळी जास्त लोक यावेत म्हणून काय करायचं?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: निवडणूक धरायची, माझ्या मनात तरी शंका नाही. पण अठ्ठ्याहत्तर टक्के म्हणू नका हं, कारण ते चाळीस कोण हे मतं मोजून झाल्यावर ठरलंय. मतदार किती ते आधी ठरायला हवं, नाहीतर ज्याला जो आकडा हवा तो काढता येतो. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावरच्या आपल्या १९६७ च्या जनमत कौलाचंच बघा ना, यादीत ३,८८,४३२ मतदार, मत दिलं ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे जवळजवळ ८२ टक्के, आणि त्यातली ७,२७२ मतं बाद झाली तरी ती माणसं आली होती ना, म्हणून मतदानात धरली, निकालात नाही. तुम्हीही तसंच सरळ लिहा, यादीत इतके, मत दिलं इतक्यांनी, बाद इतकी. आणि किती मेल परत आले तेही लिहा, बंद पत्त्यावरच्या माणसाला कळलंच नाही तर तो मत देणार कुठून.

डेबियन ही मुक्त संगणक प्रणाली बनवणारे तर टक्केवारीवर अडूनच बसत नाहीत. त्यांच्या प्रमुखाच्या निवडणुकीत मतदार पसंतीचा क्रम लावतात, त्यात 'यापैकी कुणी नाही' हाही पर्याय असतो, आणि उमेदवाराला त्याच्या वर ठेवणारी कमीत कमी किती मतं हवीत ते त्यांच्या घटनेतच आहे: मतदारसंख्येचं वर्गमूळ, त्याचं अर्धं, गुणिले तीन. हजार मतदार असले तर ४८. तुमच्या १४० ला हेच लावलं तर १८ येतात, तुमच्या ताईंना २४ आहेत. हौशी कामात यादी फुगतच जाते, माणूस नोकरीत, संसारात अडकतो पण त्याचं नाव कुणी काढत नाही, त्यामुळे मला हा हिशोब पटतो. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा सांभाळणाऱ्या पायथॉन सॉफ्टवेअर फाउंडेशनने वेगळी वाट काढली, मागच्या वर्षी मत दिलं नसेल तर सभासदांनी 'यंदा मत द्यायचंय' असं मतदानाआधीच कळवायचं. तुमचे 'खरे काम करणारे' असे काढा, आधी.

आता घोषणेचं. डेबियनमध्ये एक आठवडा नावं द्यायला, तीन आठवडे उमेदवारांना प्रश्न विचारायला, दोन आठवडे मतदान, असे सहा आठवडे जातात. तुम्हाला एवढे नकोत, पण मधला वेळ अजिबात कापू नका, उमेदवार काय करणार हेच माहीत नसेल तर माणूस मत द्यायचा कंटाळा करतो. आणि वेळ नीट लिहा. मी एकदा अशाच एका गटाचं मतदान बघत होते, मेलमध्ये लिहिलं 'रविवार रात्री १२ पर्यंत' आणि सिस्टीममध्ये घातलं रविवार ००:००. दोहाचा एक मुलगा रविवारी ड्युटी संपवून मत द्यायला बसला तर मतदान आदल्या रात्रीच बंद. चिडला नाही, 'ताई, मी आठवडाभर वाचून ठरवलं होतं' एवढंच लिहिलं त्यानं, मला आजही ते लागतं. तेव्हापासून मी 'रविवार रात्री ११:५९, भारतीय वेळ' असंच लिहिते आणि शेजारी आखातातली आणि लिस्बनची वेळ टाकते, आपली माणसं तिथं आहेतच.

आठवण तीनदा करा, सुरुवातीला, मध्ये आणि शेवटच्या दिवशी सकाळी. चवथीचा आठवडा टाळा, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधायची सोडून कॉम्प्युटर कोण उघडणार.

आणि निवडून आलेल्या त्या ताईंना या वादात अजून कुणी अभिनंदनाचा फोन केला नसेल, तर आजच करा.