नॉर्वेच्या लोककथांचं प्रकाशन: मुलीला भांडवल द्यावं का?

प्रश्न: मुलगी मिनेसोटात कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नॉर्वेजियन हा तिचा मुख्य विषय. पदवीनंतर नॉर्वेच्या लोककथा इंग्रजीत आणणारं छोटं प्रकाशन काढायचं म्हणते आणि त्यासाठी 15,000 डॉलर मागतेय. द्यावेत का? यावर पोट भरेल का? – एक आई, मिनिआपोलिस

उत्तर: ताई, सगळी रक्कम एकदम देऊ नका. एका पुस्तिकेपुरते पैसे द्या आणि तिला जोडीला नोकरी धरायला सांगा. अशा प्रकाशनातून सुरुवातीची काही वर्षं स्वतःचा पगार सहसा सुटत नाही. विषय मात्र तिने बरा निवडलाय, आणि त्याचं गिऱ्हाईक तुमच्याच भागात आहे.

नवखे प्रकाशक बहुधा आस्ब्योर्नसेन आणि मू यांच्या 1841 ते 1844 च्या लोककथासंग्रहाला हात घालतात. त्याचा डेसंट यांनी केलेला 1859 चा इंग्रजी अनुवाद हक्कमुक्त आहे, त्यामुळे तो कुणीही छापतं. शिवाय 2019 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रकाशनाने संपूर्ण नवा अनुवाद काढलाय. या गर्दीत शिरण्यात अर्थ नाही. तिने एकच खोरं धरावं. उदाहरणार्थ दक्षिण नॉर्वेतलं सेतेसदाल: तिथल्या कथा आणि जुन्या आठवणी योहानेस स्कार यांनी गोळा केल्या, त्या 1903 ते 1916 या काळात आठ भागांत निघाल्या. स्कार 1914 मध्ये वारले. नॉर्वेत हक्क मृत्यूनंतर 70 वर्षं टिकतो, अमेरिकेत त्या काळच्या पुस्तकांना प्रकाशनापासून 95 वर्षं. म्हणजे मजकूर दोन्हीकडे मोकळा. अडचण बोलीची आहे. कॉलेजात बहुधा बुकमोल म्हणजे नॉर्वेजियनचं जास्त प्रचलित लेखी रूप शिकवतात, तेवढ्यावर सेतेसदालची बोली उलगडत नाही. अनुवाद तिथल्या जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि त्याचं मानधन पहिल्यापासून खर्चात धरावं. इथे काटकसर केली की पुस्तकाची पत जाते, कारण वाचणाऱ्यांत ती बोली आजीकडून ऐकलेलेही असतात.

हे वाचक सापडायला कठीण नाहीत. नॉर्वेच्या एकेका भागातून आलेल्यांच्या वंशजांची मंडळं अमेरिकेत आहेत, त्यांना बिग्देलाग म्हणतात. त्यांचे मेळावे भरतात. जुलैत आयोवातल्या डेकोराला नॉर्डिक फेस्ट असतो, आणि शरदात चर्चमध्ये लूटफिस्कची (क्षारात भिजवलेल्या सुक्या माशाची) जेवणं होतात. टेबल मांडून विक्री करायची ती इथे.

कारण हिशेब असा: मधोमध पिना मारलेली 32 पानी पुस्तिका (पानं चारच्या पटीतच हवीत), 300 प्रती, छपाई प्रतीला 3 डॉलर धरा, किंमत 12. हातोहात विकली तर प्रतीमागे 9 उरतात, त्यातून टेबलाचं भाडं जाईल. वितरकाला 55 टक्के सवलत दिली तर हाती 5 डॉलर 40 सेंट येतात आणि छपाई वजा जाता 2 डॉलर 40. वर न खपलेल्या प्रती कोपरे दुमडून परत येतात, त्या वेगळ्याच. वितरकाकडे पाच-सहा पुस्तकं झाल्यावर जावं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मात्र दहाचा संच घ्या. एक 125 डॉलरला पडतो, दहा 295 ला, आणि ई-बुकला क्रमांक द्यायचा तर तो वेगळा लागतो.

चित्रांसाठी नॉर्वेचे चित्रकार थिओडोर किटलसन चांगले. तेही 1914 मध्येच वारले. पण मोबाईलवर सुरेख दिसणारं 800 पिक्सेल रुंदीचं चित्र छपाईच्या 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) पावणेतीन इंचसुद्धा भरत नाही. त्यातून किटलसनची काळोखी जंगलं खडबडीत कागदावर छापली की शाई पसरते आणि ट्रोल, म्हणजे तिथल्या कथांतला राक्षस, दिसेनासा होतो. स्कॅन थोडा उजळून त्याच कागदावर एका पानाचं प्रूफ काढावं, मगच छपाईला हिरवा कंदील द्यावा. नॉर्वेजियनची तीन जादा अक्षरंही त्याच प्रूफवर तपासावीत. शीर्षकाच्या नक्षीदार फाँटमध्ये ती बरेचदा नसतात, आणि मग तिथे चौकोन छापला जाऊ शकतो.

हयात लेखकांच्या पुस्तकांना ओस्लोच्या नोर्ला या संस्थेकडून अनुवादासाठी अनुदान मिळू शकतं. अर्ज प्रकाशकानेच करायचा असतो, पुस्तक निघण्याआधी, अनुवादकाशी झालेला करार जोडून. हाताशी दोन-तीन पुस्तकं असली की त्या अर्जाला वजन येतं. आत्ता त्या वाटेला जाऊ नये.

अनुवाद याच सुट्टीत सुरू होऊ दे. ऑक्टोबरमधल्या चर्चच्या जेवणांना प्रती हव्या असतील तर ऑगस्टच्या मध्यात फाइल छापखान्यात गेलेली हवी. नाताळपर्यंत 300 पैकी निम्म्या खपल्या तर दुसऱ्या पुस्तिकेचे पैसे द्या.