वजन कमी करायच्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर फक्त घरचं, प्रोसेस न केलेलंच खाल्लं तर चालेल का?

आधी चालेल, पुढे कायमचंही चालेल, पण ऑपरेशननंतरचे पहिले 6-8 आठवडे नुसतं त्यावर भागणार नाही. मी गोव्यात पर्वरीला डायटिशियन आहे, बॅरियाट्रिकचे, म्हणजे वजन कमी करायच्या ऑपरेशनचे, पेशंट नेहमी बघते. ऑपरेशनआधी साधारण 2 आठवडे लो-कार्ब किंवा लिक्विड डाएट देतात ते लिव्हर आकसावं म्हणून, ते मोठं असलं की दुर्बिणीतून पोटापर्यंत पोचताना आड येतं, तेव्हा त्याच्याही आधीपासून पाव, फरसाण, कोल्ड्रिंक सोडून बांगडा, अळसांदे (चवळीसारखं कडधान्य), पालेभाजी यावर आलात तर उत्तमच. नंतर मात्र आधी पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ असं चढत जायचं असतं आणि प्रोटीन दिवसाला 60 ते 80 ग्रॅम लागतं, ते चार घासांत भरणाऱ्या पोटात पेजेतून कसं जाणार, पेज म्हणजे शेवटी भातच ना! म्हणून तेव्हा प्रोटीन पावडर घ्यावीच लागते, डब्यातली असली तरी.

मऊ खायची परवानगी मिळाली की मुडदुशी मासा बेस्ट, काटे काढून, कमी तिखटाच्या पातळ हुमणात (माशाच्या कालवणात), रवा लावून तळलेली नको.
- उशिरा सुरू करायचं: कच्ची काकडी-गाजर, खोबऱ्याचे तुकडे, चिवट माणकी (स्क्विड)
- जेवताना पाणी नको, अर्ध्या तासाने प्या

आणि कितीही चांगलं खाल्लं तरी बी-12, आयर्न, कॅल्शियम, डी व्हिटॅमिनच्या गोळ्या सुटत नाहीत, डोस तुमचं ऑपरेशन कुठल्या प्रकारचं, स्लीव्ह (पोटाचा भाग कापून ते लहान करणं) आहे की बायपास (पोट लहान करून आतड्याला नवी वाट जोडणं), त्यावर सर्जन ठरवतील.