मनाचे आरोग्य: अपघाताची आठवण टाळावी की बोलावी?

प्रश्न: माझा मुलगा २६ वर्षांचा आहे. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तो आणि त्याचा जिवलग मित्र रात्री मोटारसायकलवरून गावी परतत असताना रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्यांची गाडी आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टरही नव्हते. गाडी माझा मुलगा चालवत होता. मागे बसलेला मित्र जागीच गेला. मुलाचा मोडलेला पाय जुळून आला, पण दहा महिने झाले तरी तो रात्री घामाघूम होऊन उठतो, ट्रॅक्टरचा आवाज आला की दचकतो, त्या रस्त्याने न जाता लांबचा वळसा घालतो आणि हल्ली दारूही पिऊ लागला आहे. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, ‘त्याच्यासमोर विषयच काढू नका, हळूहळू विसरेल.’ डॉक्टरांनी मात्र अपघाताविषयी सविस्तर बोलण्याची उपचारपद्धती सुचवली आहे. त्याने जखमेची खपली निघेल, अशी भीती वाटते. शिवाय दोन महिन्यांनी मित्राचे वर्षश्राद्ध आहे. त्याला तिथे न्यावे का?
– एक आई, सांगली जिल्हा

उत्तर: आपली भीती स्वाभाविक आहे आणि वडीलधाऱ्यांचा सल्लाही मायेपोटीच आलेला आहे. अपघातानंतरच्या पहिल्या दिवसांत तो काही अंशी योग्यही होता, कारण इतक्या लवकर माणसाला खोदून खोदून सगळे बोलायला लावल्याने पुढचा त्रास टळत नाही, असे अनुभवांती दिसून आले आहे. बहुतेक जण पहिल्या काही महिन्यांत आपोआप सावरतात. परंतु दहा महिन्यांनंतरही झोप, दचकणे आणि टाळाटाळ तशीच राहिली असेल, तर नुसती वाट पाहणे मला धोक्याचे वाटते. निदान प्रत्यक्ष तपासणीनंतरच होऊ शकते. तरी आपण लिहिलेली लक्षणे आघातोत्तर ताणविकाराशी, म्हणजेच पीटीएसडीशी, जुळणारी आहेत.

वळसा घातला की त्या क्षणी जिवाला बरे वाटते, म्हणून दुसऱ्या दिवशीही माणूस वळसाच घालतो. आणि तो रस्ता आज इतर कोणत्याही रस्त्यासारखाच आहे, हे अनुभवाने कळण्याची संधी त्याच्या मनाला मिळतच नाही. दारूचेही तसेच आहे. ती पिऊन डोळा लागतो, पण मध्यरात्रीनंतर झोप तुटते आणि दुसऱ्या दिवशीची धास्ती वाढते. ही टाळाटाळच आजाराला खतपाणी घालते, असे माझे स्पष्ट मत आहे.

डॉक्टरांनी सुचवलेली पद्धत बहुधा मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांनी विकसित केलेली ‘प्रोलाँग्ड एक्स्पोजर’ असावी. तीत साधारण ८ ते १५ बैठका होतात आणि एकेक बैठक सुमारे दीड तासाची असते. पहिल्याच दिवशी अपघात उगाळला जात नाही. आधी आजाराची ओळख, श्वास संथ करण्याचा सराव आणि विश्वास. मग मुलगा डोळे मिटून तो प्रसंग आत्ता घडतो आहे अशा वर्तमानकाळात सांगतो: गाडीचा प्रकाश कुठवर पडला आहे, मित्र मागून काय बोलतो आहे, ट्रॉली केव्हा दिसते. मधूनमधून उपचारक त्याला भीतीला शून्य ते शंभर या मापात अंक द्यायला सांगतात. तेच कथन त्याच बैठकीत पुन्हा केले जाते, त्याचे ध्वनिमुद्रण तो घरी ऐकतो, आणि सुरुवातीला नव्वदवर असलेला अंक हळूहळू उतरू लागतो. सोबत प्रत्यक्षातील पायऱ्याही ठरवल्या जातात. आधी उभ्या ट्रॅक्टरजवळ जाणे, मग दिवसा कोणाबरोबर तरी त्या रस्त्यावरून जाणे, मग एकट्याने. सुरुवातीच्या काही आठवड्यांत त्रास थोडा वाढू शकतो. हे घरच्यांना आधीच ठाऊक असावे, नाहीतर नेमक्या त्याच टप्प्यावर उपचार सोडले जातात.

मात्र आपल्या मुलाच्या बाबतीत भीतीइतकीच, कदाचित तिच्याहून जास्त, अपराधाची भावना असेल, असे पत्र वाचताना मला सारखे वाटत राहिले. ‘हँडल माझ्या हाती होते, म्हणून मीच त्याला मारले’ हा विचार ‘तुझी काही चूक नाही रे’ एवढे म्हटल्याने जात नाही. उलट, आपले कोणी ऐकूनच घेत नाही असे त्याला वाटते. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांच्या ‘कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी’ या उपचारपद्धतीत हा विचार लिहून काढून तपासला जातो: वेग किती होता, अंधारात विनादिव्याची ट्रॉली किती अंतरावरून दिसू शकते, आणि आज जे माहीत आहे ते त्या क्षणी त्याला माहीत होते का. त्याचा काही वाटा निघालाच, तर तेवढाच वाटा तो उचलायला शिकतो, सगळ्या मृत्यूचा भार नव्हे. उपचारकांना या बाजूविषयी अवश्य विचारा. डोळ्यांच्या हालचालींचा वापर करणारी ‘ईएमडीआर’ ही पद्धतही मान्यताप्राप्त आहे. जवळपास प्रशिक्षित व्यक्ती कोणत्या पद्धतीची मिळते, यावर निवड ठरवायला हरकत नाही.

सर्ट्रालिनसारख्या नैराश्यावरील औषधांचा याही आजारात उपयोग होतो, पण गुण यायला काही आठवडे लागतात. औषधाच्या दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या मात्र आणू नयेत. दारूबरोबर त्या जिवावर बेतू शकतात. दारूविषयी डॉक्टरांना न लपवता सांगावे. आणखी एक गोष्ट आपणच करायची आहे: ‘जगणे नकोसे वाटते का रे?’ असे त्याला शांतपणे, थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर ‘हो’ आले, तर त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्यासाठीच्या दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येते.

वर्षश्राद्धाचा निर्णय त्याचा असू द्या. बैठका लगेच सुरू झाल्या, तर तिथे जाणे हीच एक पायरी म्हणून उपचारकांशी आधी ठरवता येईल. मित्राच्या आईवडिलांना त्याने यावे असे खरोखर वाटते का, हे आपण स्वतः जाऊन त्यांना विचारून या. ती भेट मुलावर सोपवू नका. त्याने नको म्हटले, तर त्या दिवशी आग्रह नको. नंतर कधीतरी, गर्दी नसताना, आपल्याबरोबर तो त्या घरी जाऊ शकतो.